नाट्यनिर्मात्यांच्या स्वाक्षऱ्या व पत्रांचा संग्रह

नाटकांचे निर्माते, नाट्यगृहांचे चालक आणि स्वतःची नाटक मंडळी चालवणारे नट यांच्या स्वाक्षऱ्या, पत्रे, तारा व करारपत्रे जमवण्याचा छंद. नटनटींच्या सह्यांना मागणी अधिक असली, तरी रंगभूमीच्या इतिहासाला निर्मात्याचा कागद जास्त उपयोगी पडतो. प्रयोग संपला की तो उरत नाही. पैसा कुठून आला, एखादी भूमिका कोणाला व का मिळाली, नाटक मध्येच का बंद पडले, हे पुष्कळदा पत्रांतूनच कळते.

या प्रकारचा सर्वांत मोलाचा ठेवा लंडनच्या डलिच कॉलेजात आहे. फिलिप हेन्स्लो या नाट्यगृहमालकाच्या १५९२ पासूनच्या हिशेबवहीत नाटककारांना दिलेल्या उचली आणि पोशाखांवरचा खर्च आढळतो. पैसे पोचल्याच्या नोंदींखाली काही नाटककारांच्या सह्याही आहेत. या सह्यांपायीच वहीचे नुकसान झाले. काही सह्या कापून नेल्या गेल्या आणि ते तुकडे पुढे इतर संग्रहांत सापडले. शिवाय वहीत बनावट नोंदी घुसडल्या गेल्या. त्यांचा ठपका एकोणिसाव्या शतकातील अभ्यासक जॉन पेन कॉलियर यांच्यावर ठेवला जातो.

पत्राची सही तेवढी कापून वहीत चिकटवण्याची चाल पूर्वी संग्राहकांत सर्रास होती. तिने तारीख गेली, मजकूर गेला, पत्र कोणाला लिहिले तेही गेले. असे तुकडे आज स्वस्तात मिळतात, पण त्यांतून कळत काहीच नाही. नव्या संग्राहकाने सुटी सही घेण्यापेक्षा कमी प्रसिद्ध निर्मात्याचे एक पूर्ण पत्र घ्यावे.

डेव्हिड गॅरिक १७४७ ते १७७६ या काळात लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहाचे चालक होते. त्यांचा पत्रव्यवहार लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि वॉशिंग्टनचे फोल्जर ग्रंथालय येथे आहे.

अस्सलपणा ओळखणे हे या छंदातील सर्वांत अवघड काम. मोठ्या निर्मात्यांची पत्रे अनेकदा दुसरेच लिहीत. हेन्री अर्व्हिंग यांच्या लायसियम नाट्यगृहाचा कारभार १८७८ पासून ब्रॅम स्टोकर पाहत, आणि अर्व्हिंग यांच्या वतीने पुष्कळ पत्रव्यवहार तेच करीत. त्यामुळे कचेरीचा छापील मथळा खरा असला, तरी अक्षर निर्मात्याचेच आहे असे धरून चालत नाही. पुढच्या काळात रबरी शिक्का आणि सही करणारे यंत्र यांचीही भर पडली. न्यूयॉर्कचे निर्माते फ्लोरेन्झ झिगफेल्ड लांबलचक तारा पाठवण्याबद्दल प्रसिद्ध होते. पोचलेल्या तारेवर हाताची सही नसते, नाव यंत्राने किंवा तारबाबूने उमटवलेले असते. तरीही निर्मात्याची घाई, राग आणि हट्ट तिच्यात जसाच्या तसा उतरतो, म्हणून केवळ सही नाही या कारणाने तार टाकून देऊ नये.

हयात निर्मात्याला लिहिताना नुसती सही मागण्याऐवजी एखाद्या निर्मितीविषयी नेमका प्रश्न विचारावा. उत्तर आले तर ते संग्रहाला खरे मोल देते. पाकीटही जपावे, कारण टपालाचा शिक्का तारखेचा पुरावा ठरतो. कागद आम्लरहित पाकिटात, उजेड व दमटपणापासून दूर ठेवावा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांनी झालेले नुकसान सहसा भरून निघत नाही.

पत्र विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही. पोप विरुद्ध कर्ल या १७४१ च्या इंग्लंडमधील खटल्यात कागद पत्र मिळालेल्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, असा भेद मान्य झाला. आजही अनेक देशांत, लेखाधिकाराची मुदत संपेपर्यंत, संग्राहकाला पत्र छापण्यासाठी निर्मात्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते.