पांढरं रेशनकार्ड आणि सत्तरीतलं आयुष्मान

"आमचं रेशनकार्ड पांढरं, आम्हाला कुठलं आयुष्मान?" नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यांवर हे अजून ठासून सांगितलं जातं. सत्तरी गाठलेल्यांना रेशनकार्डाच्या रंगाची अट नाहीच. 29 ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न कितीही असो, 70 पूर्ण केलेल्यांना 'आयुष्मान भारत' या केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं. वय आधारवरचं धरतात. शाळेचा दाखला कपाटातच राहू द्या.

खासगी मेडिक्लेम असला तरी हरकत नाही. निवड करायची ती सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) वाल्यांनी: जुनी योजना ठेवा, नाहीतर ही घ्या. दोन्ही नाही.

आणि हो, उपचारांसाठीचे वर्षाचे 5 लाख घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून. आजी-आजोबांना वेगवेगळे नव्हेत. ओपीडीचा खर्च यात बसत नाही, दाखल व्हावं लागतं. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात.