शिकाऊ उमेदवारांसाठी सरकारी अर्थसाहाय्य (गोवा)

नव्याने घेतलेल्या मुलाला कामावरच शिकवण्याच्या खर्चाचा काही भाग सरकारने उचलण्याची व्यवस्था. अशा शिकण्याला बोलीभाषेत ‘ॲप्रेंटिसशिप’ म्हणतात, कागदोपत्री ‘शिकाऊ उमेदवारी’. उमेदवाराला मिळते ते विद्यावेतन. तो पगार नव्हे.

तिचा पाया म्हणजे शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१. हा कायदा १२ डिसेंबर १९६१ चा, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधीचा. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे.

पैशांची बाजू राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने आणली. ती २०१६ मध्ये सुरू झाली. विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. २०१९ च्या दराने आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन ७,००० रुपये. त्याचे २५ टक्के १,७५० होतात, पण मर्यादेमुळे १,५०० च मिळतात. उरलेले ५,५०० मालकाच्या खिशातून जातात. पदवीधर आणि पदविकाधारकांची योजना वेगळी. ती शिक्षण मंत्रालयाची असून तिच्यात सरकारचा वाटा निम्मा असतो.

पूर्वी मालक आधी सगळी रक्कम देई आणि मग सरकारकडून परतफेड मागे. वेर्णे किंवा कुंडईच्या वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यात कागदपत्रांसाठी माणूस असतो. दहा माणसांच्या वर्कशॉपात मालकच हिशेबनीस असतो. २०२३ पासून केंद्राचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. लहान उद्योजकासाठी हा बदल रकमेपेक्षा मोलाचा आहे, कारण परतफेडीत अडकणारा त्याचा पैसा मोकळा राहतो.

गोव्यात या व्यवस्थेचा संबंध येतो तो कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालयाशी आणि फर्मागुडी, म्हापसा, डिचोली, काणकोण अशा ठिकाणच्या आयटीआयशी. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर हे नेहमीचे व्यवसाय. हॉटेलांत स्वयंपाकी आणि हाउसकीपिंगचे उमेदवारही घेता येतात. पर्यटनाच्या राज्यात ही वाट आणखी रुंद व्हायला हवी. मात्र हंगामापुरती माणसे ठेवणाऱ्या हॉटेलला वर्षभराचा करार जड वाटतो. तरी भर हंगामाच्या धांदलीत कोणी कोणाला शिकवू शकत नाही, शिकवायला पावसाळ्यातले निवांत महिनेच बरे.

खरा खर्च विद्यावेतनाचा नसतो. मशीनवरचा जुना कारागीर रोज तासभर हात थांबवून दाखवतो, तो त्याचा वेळ आणि बिघडलेला माल यांचा असतो. त्याची भरपाई १,५०० रुपयांत होत नाही.

उमेदवार कायद्याने कामगार नसतो, म्हणून कामगार कायदे त्याला सहसा लागू होत नाहीत. पण आरोग्य व सुरक्षेच्या तरतुदी लागू असतात आणि कामावर इजा झाल्यास भरपाईचा हक्कही असतो. करार संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र देशभर चालते.

ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना याच्याशी गल्लत करून सांगितली जाते. तिच्यात वाढीव नोकरभरतीसाठी मालकाला प्रत्येक कर्मचाऱ्यामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. ते प्रोत्साहन नोकरी देण्याचे आहे, शिकवण्याचे नव्हे.