शेपटीवरचा पत्ता

गणपती झाल्यावर गिरगावात मांडव सोडताना माझ्या भाच्याच्या पायात खिळा घुसला. चाळीतल्या तिघांनी एकदमच विचारलं, "गंजलेला होता का?" जणू चकचकीत असता तर चहा पिऊन झोपायला हरकत नव्हती! एका काकांनी हळद दाबायला सांगितली. धनुर्वात गंजामुळे होत नाही. मातीत, शेणात क्लॉस्ट्रिडियम टेटनी या जिवाणूचे बीजाणू असतात. खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत ते रुजतात आणि विष तयार होतं. वरवरची हळद तिथे काय करणार? भाच्याला इंजेक्शन दिलं, त्याचा विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

हे विष म्हणजे कात्री, आणि तिचं मुख्य सावज सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन. मज्जातंतूच्या टोकाशी रासायनिक निरोप भरलेल्या इवल्या पिशव्या असतात, पिटिका. एकेकीचा व्यास सुमारे 40 नॅनोमीटर. पिटिकेच्या पटलात रोवलेलं हे प्रथिन पेशीपटलातल्या जोडीदारांशी पीळ घालतं, दोन्ही पटलं एक होतात आणि निरोप बाहेर पडतो.

पण ते रोवतं कोण?

पेशीबाहेर जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा पत्ता सुरुवातीलाच असतो. प्रथिनं विणणाऱ्या यंत्रातून, म्हणजे रायबोसोममधून, ते टोक डोकावताच एसआरपी नावाचा कण त्याला धरतो आणि विणकाम चालू असतानाच सगळा पसारा आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यावर, नेऊन लावतो. पत्त्याच्या या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. दादरला लोकल फलाटात शिरतानाच कपाळावरून कळतं ना, बोरिवली की विरार, तसंच.

सिनॅप्टोब्रेव्हिनची पाटी मात्र शेवटच्या डब्यावर. एकूण 116 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मणी. त्यांतली पटलात रुतणारी, पाण्याचं वावडं असलेली वीसेक अगदी शेपटीला. रायबोसोमच्या बोगद्यात तीस-चाळीस मावतात. म्हणजे शेवटचा मणी ओवून झाला तरी पाटी आतच! एसआरपीची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. साखळी सुटते तेव्हा तेलकट शेपटी पाण्यात उघडी पडते आणि भलत्याच कशाला चिकटायला बघते. एसजीटीए नावाचं प्रथिन तिला झेलतं, बॅग6 या दुसऱ्याच्या मदतीने टीआरसी40 या तिसऱ्याकडे सोपवतं. टीआरसी40 चे दोन सारखे अर्धे एटीपी हे पेशीचं इंधन धरून मिटतात, मधे खोबण तयार होते, शेपटी तिच्यात लपते. जालिकेवर डब्ल्यूआरबी आणि सीएएमएल ही प्रथिनांची जोडी ते अर्धे उघडते. शेपटी पटलात सरकते. (नावं विसरलात तरी चालेल, खोबण विसरू नका.) पुढे गॉल्जी या पेशीतल्या टपालखान्यामार्गे पिटिकेपर्यंत.

धनुर्वाताचं विष पाठीच्या कण्यापर्यंत पोचतं आणि स्नायूंना 'सैल हो' सांगणाऱ्या पेशींत शिरून हे प्रथिन 76व्या अमिनो आम्लानंतर कापतं. जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. पुढची 40 अमिनो आम्लं, एवढ्या हातांतून जपून आणलेली ती शेपटी, पटलात जशीच्या तशी रुतलेली असते; पिटिका निरोपाने भरलेली, दाराशीच अडकलेली.