केमोचं औषध निकामी करणारे जिवाणू

'कर्करोग म्हणजे शरीरात वाढलेली बुरशी, खायचा सोडा घ्या आणि बरे व्हा' हा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. तो धादांत खोटा आहे आणि त्यावर विसंबून उपचार लांबवणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. मात्र सूक्ष्मजीवांचा कर्करोगाशी संबंध आहेच. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराचा, एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. मला त्याहून विलक्षण वाटतात ते गाठीतच मुक्काम ठोकून औषध निकामी करणारे जिवाणू.

इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रविद स्ट्रॉसमन यांच्या गटाला ते सापडले भलतंच काही शोधताना. कर्कपेशींच्या आसपासच्या निरोगी पेशी त्यांना औषधापासून वाचवतात का, हे तपासणं चालू होतं. त्वचेच्या पेशींचा एक नमुना ज्या द्रवात वाढवला होता, तो द्रव घातला की कर्कपेशी जेमसायटाबीन या केमोच्या औषधाला दाद देईनात. यात त्वचेच्या पेशींचं कर्तृत्व काहीच नव्हतं. नमुन्याला मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा संसर्ग झाला होता. असे दूषित नमुने सहसा फेकून देतात. या गटाने त्याचाच पिच्छा पुरवला.

जेमसायटाबीन हे स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं नेहमीचं औषध. डीएनएच्या चार घटकांपैकी एकाची, डीऑक्सिसायटिडीनची, ही बनावट प्रत. फरक एवढाच, की साखरेच्या भागावर फ्लोरिनचे दोन अणू बसवलेले. पेशी ते आत घेते, त्याला तीन फॉस्फेट जोडते आणि नव्या डीएनएत गुंफते. त्यानंतर आणखी एकच घटक जोडला जातो आणि साखळी थांबते. बनावट घटक असा शेवटून दुसरा अडकल्याने डीएनए दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेलाही तो सहज काढता येत नाही. विभाजनाच्या तयारीतली पेशी मरते.

आता जिवाणूकडे बघा. त्याच्याकडे सायटिडीन डिअमिनेझ नावाचं एन्झाइम असतं. आसपास पडलेल्या सायटिडीनमधला अमिनो गट काढून त्याचं युरिडीन करायचं आणि ते स्वतःसाठी वापरायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. जेमसायटाबीन समोर आलं, तरी तो तेच करतो. अमिनो गट गेला, त्या जागी ऑक्सिजन आला, की औषधाची धार संपली. आपल्या यकृतातही हे एन्झाइम आहे, म्हणून तर जेमसायटाबीन रक्तात फार वेळ टिकत नाही. जिवाणूंमध्ये त्याचे आखूड आणि लांब असे दोन प्रकार आढळतात, आणि औषध निकामी करतो तो मुख्यतः लांब प्रकार. तो बहुतेक करून गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया या जिवाणूंच्या गटात असतो, आणि ई. कोलाय त्यातलाच. उंदरांच्या गाठींत असे जिवाणू सोडले, तेव्हा औषध चालेना. एन्झाइम नसलेल्या जिवाणूंना ते रोखता आलं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक जोडीला दिल्यावर औषध पुन्हा लागू पडलं.

माणसांचं काय? 2017 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या स्ट्रॉसमन यांच्या गटाच्या शोधनिबंधात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे 113 नमुने तपासले होते. 86 मध्ये जिवाणूंचा डीएनए मिळाला, आणि त्यात बहुतांश गॅमाप्रोटिओबॅक्टेरियाच. स्वादुपिंडाची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते, त्यामुळे आतड्यातून उलटं चढून येण्याची वाट त्यांना मोकळी असावी.

उत्साहाला आवर मात्र हवा. रक्तातल्या जिवाणूंच्या डीएनएवरून तऱ्हेतऱ्हेचे कर्करोग ओळखता येतील, असं सांगणारा 2020 चा 'नेचर'मधला गाजलेला शोधनिबंध 2024 मध्ये मागे घ्यावा लागला. माणसाच्याच डीएनएचे तुकडे त्यात जिवाणूंचे म्हणून मोजले गेले होते.

म्हणून केमोसोबत मनाने अँटिबायोटिक घेणं हा वेडेपणा ठरेल. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार, सुरू करण्याच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांना तिचा फायदा कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय, कारण आतड्यातल्या काही जिवाणूंची तिथे मदतच होते. अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी त्या रुग्णाच्या गाठीत जिवाणू आहेत का, आणि असतील तर त्यांच्याकडे ते लांब एन्झाइम आहे का, हे कळायला हवं.