रेड ऑक्साइड मारलं की गंज थांबतो?

जुन्या जीपची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) उघडली की सल्ला ठरलेला: ‘तारेचा ब्रश फिरवा, वरून रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधीचा तांबडा प्रायमर, मारा, गंज तिथेच थांबतो.’ थांबत नाही. गल्लत रंगामुळे होते. पूर्वीच्या तांबड्या प्रायमरमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड असायचं. ते गंज खरोखर रोखायचं, पण विषारी. आताचा तांबडा रंग लोखंडाच्याच ऑक्साइडचा, गंजाचाच भाऊबंद! सोबत झिंक फॉस्फेट असेल तर काही बचाव. खाली गंजाचे पापुद्रे राहिले की त्यांत ओल आणि मीठ दबा धरून बसतं, आणि पावसाळ्यात रंग फुगतो. पापुद्रे हातोडीनं ठोकून काढा, ग्राइंडरला वायर कप (तारांचा गोल ब्रश) लावून लखलखीत लोखंड दिसू द्या, थिनरनं पुसा, त्याच दिवशी प्रायमर मारा. जुना थर शेंदराचा वाटला तर मात्र ग्राइंडर नकोच, विषारी धूळ उडते.