चोचीचा मुखवटा आणि ‘काळा मृत्यू’

लांब काळा झगा, हातात काठी आणि तोंडावर पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा. चौदाव्या शतकातल्या युरोपातल्या प्लेगचा, म्हणजे ‘काळ्या मृत्यू’चा, विषय निघाला की हे चित्र येतंच. पण १३४७ ते १३५१ च्या त्या साथीत असा पोशाख घालून कुणी डॉक्टर फिरल्याचा पुरावा नाही.

हा वेष सतराव्या शतकातला. त्याचं श्रेय सहसा फ्रेंच राजवैद्य शार्ल द लोर्म यांना देतात, आणि रोममधल्या चोचवाल्या डॉक्टरचं गाजलेलं चित्र १६५६ चं आहे. म्हणजे तब्बल तीनशे वर्षांची गल्लत!

चोचीत सुगंधी वनस्पती भरत, कारण रोग दूषित हवेतून येतो अशी समजूत होती. ही समजूत मात्र खरोखर जुनी. १३४८ साली पॅरिसच्या वैद्यक पंडितांनी शनी, गुरू, मंगळाच्या युतीने हवा बिघडल्याचं सांगितलं होतं. तेव्हा पोप जिथे राहत त्या अव्हिन्यॉनमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) पोप सहावे क्लेमेंट दूषित हवा दूर राहावी म्हणून दोन धगधगत्या शेकोट्यांमध्ये बसून राहिले. त्यांचे वैद्य गी द शोलियाक यांना स्वतःला प्लेग झाला, पण ते वाचले. मुखवट्याशिवायच.

साथीने खरा बदल घडवला तो शेतावर. माणसंच उरली नाहीत, तेव्हा मजूर जास्त मजुरी मागू लागले. इंग्लंडच्या राजाने १३४९ मध्ये फर्मान काढलं : मजुरी साथीपूर्वीच्याच दराने. १३५१ मध्ये त्यासाठी कायदाही करावा लागला, यावरून फर्मान किती पाळलं गेलं ते कळतंच.