दोनदा आलेली छाटणी

७ ऑक्टोबरला संध्याकाळी दादाचा फोन आला. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. बाग तो बघतो आणि मी नाशकात इंदिरानगरला बसून तिच्या कागदपत्रांचं, कॉम्प्युटरचं बघतो. "अरे, मोबाइल म्हणतोय उद्या गोडी छाटणी! बाग छाटून तीन दिवस झाले, पेस्टसुद्धा लावून झाली. आता काय खोड कापू का?"

गोडी छाटणी म्हणजे फळ धरण्यासाठी करायची छाटणी. ती मुळात ८ तारखेला ठरली होती. मजुरांची टोळी लवकर मिळाली म्हणून दादानं ती ४ तारखेला ओढली. आमच्या मोबाइलवरच्या नव्या सामायिक कॅलेंडरात मात्र दोन्ही तारखा शेजारी शेजारी, तितक्याच आत्मविश्वासानं उभ्या होत्या.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध फक्त किलोच्या भावापुरता आहे, त्यांना यातली भीती कळायची नाही. बागेत तारखेला फारशी किंमत नसते, किंमत असते ती छाटणीनंतरचा कितवा दिवस याला. फेलफुटी म्हणजे जादा फुटी काढणं, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, घड विरळ करायचं थिनिंग, डावणी-भुरी या बुरशीरोगांच्या फवारण्या, सगळं त्या एका दिवसापासून मोजतात. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस गेलेच पाहिजेत, नाहीतर निर्यातीचा माल रेसिड्यूच्या, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाच्या तपासणीत अडकतो. असं हे कॅलेंडर आम्ही पाच जण वापरतो: दादा, वहिनी, मी, फवारणीचं बघणारा मुलगा आणि नेदरलँड्सला शिकायला गेलेली पुतणी. ज्या सेवेवर ते होतं ती बंद होणार असल्याचा मेल सप्टेंबरात आला, आणि आम्ही बिऱ्हाड हलवायला घेतलं.

असं बिऱ्हाड हलवायची वेळ आधीही लोकांवर आली आहे. ॲपलची मोबाइलमी ही सेवा २००८ च्या जुलैत सुरू झाली आणि ३० जून २०१२ ला बंद झाली. मधल्या काळात आयक्लाउड आलं होतं, आणि लोकांना आपली कॅलेंडरं तिकडे न्यावी लागली. हलवाहलव मुळात शक्य होते ती एका जुन्या सहमतीमुळे. कॅलेंडरची नोंद कशी लिहायची याचा आयकॅलेंडर नावाचा सामायिक नियम १९९८ साली आरएफसी २४४५ म्हणून प्रसिद्ध झाला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांक दिलेले दस्तऐवज. आज चालतो तो २००९ चा आरएफसी ५५४५. कॅलेंडर निर्यात केलं की आयसीएस शेपटीची जी फाईल मिळते, ती याच नियमानं लिहिलेली असते. तुम्ही ती नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकता. मी दोन रात्री तेच केलं.

प्रत्येक नोंदीत नाव, सुरुवात, शेवट आणि त्याखाली यूआयडी नावाची अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. वापरणाऱ्याला ती कधी दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी नोंदीची ओळख तीच. सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदलतं, पीक बदलतं, पण जमीन ओळखायची ती गट नंबरावरून, तसंच हे. एकच यूआयडी पुन्हा आला की कॅलेंडर समजतं, ही तीच नोंद आहे, तारीख तेवढी सुधारली आहे. नोंदीतला सिक्वेन्स हा आकडा सांगतो की दोघींतली नवी कुठली.

आमच्याकडे झालं असं. मी सप्टेंबरअखेर फाईल काढून नव्या सेवेत चढवली. त्यात छाटणी ८ तारखेला. नंतर दादानं जुन्या कॅलेंडरात ती ४ ला आणली. ते बघून पुतणीनं जुन्या कॅलेंडरातून ताजी फाईल काढून नव्या सेवेत पुन्हा चढवली. दोन्ही फायलींत छाटणीचा यूआयडी एकच होता, मी शोधून पाहिला. पण नवी सेवा फाईल चढवताना प्रत्येक नोंदीला स्वतःचा नवा यूआयडी देत होती. गट नंबरच नवा, मग जमीनही नवी. तिच्या दृष्टीनं आमची बाग दोनदा छाटायची होती, आणि त्यावर मोजलेलं पुढचं सगळंही दोनदा.

दुहेरी नोंद निदान डोळ्यांना दिसते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदींचा घोळ दिसतही नाही.

'दर मंगळवारी' असं तुम्ही नोंदवता तेव्हा फाईलमध्ये शंभर मंगळवार लिहिले जात नाहीत. तिथे एका ओळीचा नियम असतो, आणि तारखा प्रत्येक फोन स्वतः मोजून काढतो. आमचा एक नियम असा: ठिबकच्या लाइनी एक आठवडा सोडून धुवायच्या, मंगळवारी वरच्या प्लॉटच्या आणि रविवारी खालच्या. समजा पहिला मंगळवार ५ तारखेला आला. तर पुढच्या तारखा कोणत्या? आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरलं तर ५, १०, १९, २४. आठवडा रविवारी सुरू होतो असं धरलं तर ५, १७, १९, ३१. कागदावर मांडून बघा. नियम तोच, मंगळवार जागच्या जागी, आणि रविवार मात्र आठवडाभर सरकले. कारण १० तारखेचा रविवार पहिल्या हिशेबात चालू आठवड्याचं शेपूट आहे, दुसऱ्या हिशेबात सोडून द्यायच्या आठवड्याचं डोकं.

आरएफसीनं ही खोच ओळखून आठवड्याचा पहिला वार सांगायला वेगळी जागा ठेवली आहे, आणि ती रिकामी असेल तर सोमवार धरा असं म्हटलं आहे. आपल्या भिंतीवरच्या बहुतेक कॅलेंडरांत आठवडा रविवारी सुरू होतो. फाईल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं तेवढी एक गोष्ट दुर्लक्षिली की खालचा प्लॉट आठवडाभर वाट बघतो. आमचा बघत होता.

नियमाला अपवादही असतात. 'या रविवारी नको, गावात लग्न आहे' असं सांगितलं की नियमाखाली अपवादाची ओळ जोडली जाते. हलवताना ती ओळ गळाली, की रद्द केलेले रविवार परत उगवतात.

आईच्या संकष्टीचं तर नियमात बसवताच येत नाही. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते, पण चंद्राचा वेग सारखा नसल्यानं ती कधी १९ तासांत संपते, कधी २६ तास लांबते. वर अधिक महिना आहेच. ग्रेगोरियन नसलेल्या कालगणनांसाठी २०१५ साली आरएफसी ७५२९ आला, पण तिथी आणि चंद्रोदय पाहून दिवस ठरवणं त्याच्याही आवाक्यातलं नाही. म्हणून अशा नोंदी दरवर्षी पंचांगातून सुट्ट्या भराव्या लागतात. खरं सांगायचं तर हलवताना सर्वांत कमी त्रास त्यांनीच दिला. नियमच नाही, तर मोडणार काय?

मग पुतणीचा मेसेज आला: "काका, माझ्याकडे छाटणी ३ तारखेला रात्री साडेआठला सुरू होते आहे." हे कोडं मला आवडलं. पूर्ण दिवसाच्या नोंदीला वेळ नसते, नुसती तारीख असते, आणि ती जगभर तीच राहायला हवी. नव्या सेवेनं तिचं रूपांतर रात्री बारा ते रात्री बारा असं केलं होतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्या ४ तारखेचे रात्रीचे बारा म्हणजे जागतिक वेळेतले ३ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. नेदरलँड्सला उन्हाळी वेळ चालू होती, म्हणून आणखी दोन तास. झाले साडेआठ. तिथे बसून दिवस मोजणाऱ्याचा प्रत्येक आकडा एकानं चुकला असता.

वेळेचा उलटा घोटाळा महिनाअखेरीस झाला. रॉटरडॅमच्या आयातदाराशी दर मंगळवारी तिथल्या सकाळी ११ ला बोलणं ठरलेलं, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, की तेच अकरा आपल्याकडे साडेतीनला वाजतात. जुन्या नोंदीत 'ॲमस्टरडॅमचे ११' असं लिहिलेलं होतं. नव्या सेवेनं ते जागतिक वेळेत बदलून तिथेच खिळा ठोकला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच कॅमेऱ्यासमोर बसला होता. यावर मी फार बोलत नाही.

आपल्या लिपीवरही या नियमानं एक बारीक अन्याय केला आहे. फाईलमधली ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी असा दंडक आहे, लांब असेल तर मोडून पुढच्या ओळीवर न्यायची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, तीन लागतात. 'द्राक्ष' वाचताना दोन अक्षरं दिसतात, पण आत सात चिन्हं आहेत: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. झाले २१ बाइट. इंग्रजीत ग्रेप पाचात उरकतं. त्यामुळे मराठी ओळी फार वेळा मोडतात, आणि मोडणारं सॉफ्टवेअर बेफिकीर असेल तर तीन बाइटांच्या मधोमध सुरी चालवतं. जोडताना काळजी घेतली नाही की तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उरतं. फवारणीच्या एका नोंदीत औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं अशी गेली होती. पोरानं विचारलं म्हणून बरं, अंदाजानं टाकी भरली नाही.

इथवरचं सगळं फाईलमध्ये असलेल्या गोष्टींचं झालं. सामायिक कॅलेंडरातला मोठा भाग फाईलमध्ये नसतोच.

फाईल म्हणजे त्या क्षणाची झेरॉक्स. सिंक म्हणजे पाच जणांच्या हातांतल्या पाच प्रती आणि सर्व्हरवरची सहावी यांचा सतत चाललेला हिशेब. यासाठी कॅलडॅव्ह नावाचा नियम २००७ पासून आहे. त्यात नोंदीच्या प्रत्येक आवृत्तीला सर्व्हर एक शिक्का देतो, त्याला ईटॅग म्हणतात. बागेत रेंज नसताना दादानं डिपिंग गुरुवारी नेलं, तेवढ्यात वहिनीनं घरून शुक्रवार केलं. दादा रस्त्यावर येतो, फोनला रेंज मिळते आणि फोन सर्व्हरला म्हणतो: मी पाहिलेला शिक्का हा होता, अजून तोच असेल तर गुरुवार करा. शिक्का बदललेला असतो, सर्व्हर ४१२ आकड्याचं उत्तर देऊन नकार देतो, आणि फोनला ताजी प्रत आणून पुन्हा विचार करावा लागतो. यात कुणाच्या घड्याळात किती वाजले याला महत्त्व नाही, कुणी काय पाहून बदल केला याला आहे. वेगवेगळ्या यंत्रांतल्या घटनांचा क्रम घड्याळांवर न सोडता 'कुणाला काय आधी कळलं होतं' यावरून लावता येतो, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली मांडलं. पुढे २०१३ चं संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं.

झेरॉक्समध्ये हे शिक्के येत नाहीत. कुणाला फक्त बघायची मुभा आहे आणि कुणाला बदलायची, हेही येत नाही. कॅलडॅव्हच्या मूळ नियमात कॅलेंडर वाटून घेण्याची रीत ठरवलेलीच नाही, प्रत्येक सेवा ती आपापल्या पद्धतीनं करते. म्हणून नव्या जागी सगळ्यांना नव्यानं बोलवावं लागलं. फवारणीच्या पोराला मी आधी फक्त बघायची मुभा दिली होती. तीन दिवस त्याला वाटत होतं की आपला फोन बिघडला.

शेवटी सगळं पुसून पुन्हा केलं. एका रविवारी पाचही जणांना घरच्या वायफायवर आपापला फोन जुन्या सेवेशी जुळवून घ्यायला लावलं, मग जुनं कॅलेंडर कुणी हात लावू नये म्हणून फक्त बघण्यापुरतं ठेवलं. फाईल मी एकट्यानं काढली आणि एकदाच चढवली, तीही आधी एका रिकाम्या चाचणीच्या कॅलेंडरात. तिथे तीनच नोंदी तपासल्या: छाटणी, ठिबक आणि रॉटरडॅम. ज्या चुकल्या त्या हातानं भरल्या. यूआयडी न बदलणारी दुसरी सेवा निवडली हे सांगायचं राहिलं. मूळ फाईल पेनड्राइव्हवर, कपाटात.

एक गोष्ट उरली आहे. सिंकमध्ये नोंद पुसली की सर्व्हरला ती गेल्याचीही आठवण ठेवावी लागते, मृत्यूच्या दाखल्यासारखी. नाहीतर बरेच दिवस बंद असलेलं यंत्र जागं होतं आणि आपल्याकडची जुनी नोंद नवी समजून वर पाठवतं. आमच्या पुसलेल्या नोंदींचे दाखले जुन्या सेवेबरोबर गेले. आणि बागेतल्या शेडमध्ये एक टॅब आहे, ऑगस्टपासून चार्जिंग संपून पडलेला. त्यात अजून ८ तारखेची छाटणी आहे. दादाला सांगून ठेवलंय, तो चालू करायच्या आधी मला बोलव, मी येतो.